साबणाच्या खोक्यातला प्रॉम्प्टर

मुकुल खांबेटेच्या हातांबद्दल त्याच्या घरात कधी दुमत नव्हतं. ते लिहायला चांगले, बाकी कशाच्याही कामाचे नाहीत. पणजोबा दिवाकरराव होळकरांच्या दफ्तरात कारकून, आजोबा कारकून, वडील शरच्चंद्र सरकारी रेकॉर्ड रूममध्ये, आणि मुकुल त्याच इमारतीत नकल शाखेत, म्हणजे जुन्या कागदांच्या नकला काढून देणाऱ्या टेबलावर. चार पिढ्यांत कुणी भिंतीत खिळा ठोकलेला नव्हता. खिळा ठोकायचा झाला की माणूस बोलवायचा, त्याला आधी चहा पाजायचा, आणि तो ठोकू लागला की मागे उभं राहून “थोडं डावीकडे” म्हणायचं, ही घराण्याची रीत. मुकुलची बायको नीरजा म्हणायची, “खांबेट्यांच्या घरात शूर कोण, तर ज्याने पेन्सिलीला टोक काढलं तो.”

नीरजा देपालपुरच्या शाळेत शिकवायची. साडेसहाच्या बसला ती निघून गेली की सकाळ मुकुलच्या ताब्यात. मुलीचं दूध, पोहे, तिची वेणी, शाळेचा डबा. मुलगी संहिता, पाच वर्षांची. घरात तिला हिता म्हणत. मुकुलने घातलेली तिची वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटलेली असे, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नसे. तिची तक्रार वेगळीच होती. आठवड्यात रविवार एकच का असतो, ही.

कारण रविवारी दहा ते एक लायब्ररी उघडी असायची. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत एका जुन्या मंडळाचा हॉल आहे, त्याच्या माडीवर मुलांचं वाचनालय. अर्ध्या भिंतीला पुस्तकं, अर्ध्या भिंतीला खुंट्या, आणि खुंट्यांवर टांगलेल्या कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवीत एक खेळणं आणि पुठ्ठ्याची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर त्या खेळण्यात किती तुकडे आहेत त्याची यादी. दोन पुस्तकं आणि एक पिशवी, पंधरा दिवसांसाठी घरी न्यायची. हे सगळं सांभाळायच्या इंदुमतीबाई. वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी बालवाडीच्या शिक्षिका. सगळी मुलं त्यांना आजी म्हणायची आणि सगळे आईबाप त्यांना थोडे भ्यायचे.

पहिल्या दिवशी फॉर्म भरताना त्यांनी मुकुलला एक नियम सांगितला होता. खेळण्यातला तुकडा हरवला तर भरपाई पैशात घेत नाहीत. तो तुकडा घरच्यांनी आपल्या हाताने करून आणायचा. विकत आणायचा नाही, कुणाकडून करवून घ्यायचा नाही.

“आणि कोणी केला ते मी मुलाला विचारते,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “मोठ्यांना नाही विचारत. मोठे फार छान उत्तरं देतात.”

मुकुल हसला, आणि घराण्याला शोभेल अशा वळणदार अक्षरात त्याने सही केली.

त्यानंतर त्या घरात काय घडू लागलं, ते बाहेरून पाहणाऱ्याला दिसलं नसतं. संध्याकाळी दिवा लागला की बापलेक पलंगावर पालथे पडत, मधे पुस्तक उघडं. मुकुल वाचायचा आणि अडायचा. हिंदी शाळेत शिकलेला माणूस. मराठी त्याची आईची, पण पुस्तकातली मराठी म्हणजे लग्नात भेटणारे लांबचे नातेवाईक, चेहरा ओळखीचा आणि नाव आठवत नाही. कासवाच्या एका पुस्तकात ‘डोह’ आला. हिताने विचारलं, डोह म्हणजे काय. मुकुल म्हणाला, “म्हणजे... गहरा पानी. एकदम शांत. वरून कळत नाही किती आहे ते.” हिताने ऐकून घेतलं. दोन दिवसांनी ती न्हाणीघरातून ओरडली, “बाबा, बादलीत डोह झाला.” मुकुल धावत गेला तर नळ बंद होता, बादली काठोकाठ भरलेली, आणि ती तिच्याकडे टक लावून उभी. तो शब्द त्या घरात मुकुलच्या आजीनंतर कुणी उच्चारला नव्हता. पस्तीस वर्षं कुठे होता, आणि एका कासवाच्या पाठीवर बसून कसा परत आला? मुकुल पण तिच्या शेजारी उभा राहून बादलीकडे बघत राहिला. पोहे करपले.

मग त्यांचा नंबर लागला नाटकघराचा.

ही लायब्ररीतली सगळ्यात जुनी पिशवी, आणि तिच्यासाठी दोन-दोन महिने वाट पाहावी लागे. पिशवी शिवली होती खऱ्या नाटकाच्या पडद्याच्या मखमलीतून. लाल रंग विटून विटकरी झालेला, पण हात फिरवला की अजून थंड लागायची. आत लाकडाचं एक छोटं रंगमंदिर. वर कमान, दोन्ही बाजूंना विंगा, आणि दोरी ओढली की गुंडाळत वर जाणारा इवलासा पडदा. राजा, राणी, शिपाई, विदूषक, वाघ, एक झाड. सगळी मंडळी बोटाएवढी. आणि या सगळ्यांपेक्षा बुटका असा एक म्हातारा, चश्मा लावलेला, मांडीवर वही घेऊन बसलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: प्रॉम्प्टर, एक.

हा कोण, असं हिताने विचारलं, आणि मुकुलने सांगितलं की नाटकात हा विंगेत लपून बसतो. राजा बोलायचं विसरला की हा हळूच त्याला सांगतो. लोकांना दिसत नाही.

“म्हणजे याला सगळ्यांचं सगळं येतं?”

“हो.”

“आणि तो स्वतः काहीच बोलत नाही?”

“हळू बोलतो.”

हिताने राजा खाली ठेवला आणि म्हाताऱ्याला उचललं. पिशवीत इतका थाटाचा राजा असताना तिच्या मनात तो बुटका भरला. त्या दिवसापासून रोज सहा वाजता खेळ. नीरजा देपालपुरहून दमून आली की तिला चहाचा कप देऊन खुर्चीवर बसवायचं, ती जनता. मुकुल पलंगाच्या आड. हिता नाटकं स्वतः रचायची, पण खेळात तिचा नियम कडक. आधी प्रॉम्प्टरने सांगायचं, मगच राजाने बोलायचं. त्यामुळे मुकुलला आदल्या रात्रीच सगळं पाठ करून ठेवावं लागे, आणि सहाला तो पलंगाआडून कुजबुजायचा, “मला फार भूक लागली आहे,” की हिता राजाला हलवत गर्जायची, “मला फार भूक लागली आहे!” वाघ यायचा. राजा विचारायचा, तू मला खाशील? वाघ म्हणायचा, “नाही. जलेबी है क्या?”

स्वतः रचलेलंच स्वतःला कुणीतरी हळूच सांगावं, असं तिला का वाटायचं कोण जाणे. पण पडद्याची दोरी ओढली की खोलीत जी शांतता पसरायची, ती मुकुलने मोठ्या नाट्यगृहात अनुभवली होती तशीच असायची. दीड वीत उंचीच्या पडद्यामागून ती कशी येते हे त्याला उमजत नसे. रोज त्याच्या अंगावर काटा यायचा. दिवसभर मुद्द्याचं बोलणारा माणूस संध्याकाळी पलंगाआड बसून थरारायचा, आणि हे ऑफिसात कुणाला सांगायची सोय नव्हती.

दहाव्या दिवशी घात झाला, आणि तो इंदूरकराच्याच हातून व्हावा असा झाला.

इंदूरमध्ये सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते तेव्हा घराघरांत जी धावपळ उडते, ती बाहेरच्या माणसाला सांगून पटायची नाही. गीला वेगळा, सूखा वेगळा, त्यात आणखी प्रकार. मुकुलला या कामाचा अभिमान होता. या एका बाबतीत त्याचे हात कामाचे होते. त्या बुधवारी गाणं ऐकू आलं तसं त्याने दोन्ही डबे उचलले, जाता जाता पलंगाखाली नजर टाकली, तिथे साबणाचं एक रिकामं खोकं पडलेलं दिसलं. पुठ्ठा, म्हणजे सूखा. त्याने ते चपटं केलं नाही, घाई होती. डब्यात टाकलं, डबा गाडीत रिकामा केला, आणि समाधानाने परत आला.

हिता दारातच उभी होती. विंगेत ठेवलं की म्हातारा पडतो, म्हणून तिने आदल्या रात्री झोपताना त्याच्यासाठी नवी विंग केली होती. साबणाच्या खोक्याची.

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुकुल स्कूटरवर होता. पायात वेगवेगळ्या चपला. राजेंद्र नगरच्या चार गल्ल्या पालथ्या घालून त्याने गाडी गाठली, आडवी घातली, आणि धापा टाकत ड्रायव्हरला सांगितलं की आत एक लाकडाचा माणूस गेला आहे. ड्रायव्हर भला होता. गाडी बाजूला घेऊन त्याने सूखाचं झाकण उघडून दिलं. वीस घरांचे पुठ्ठे, डबे, पिशव्या, दाबून भरलेले. मुकुल कोपरापर्यंत आत शिरला. बघता बघता लोक जमले. कुणी विचारलं सोनं गेलं का, कुणी म्हणालं चेकबुक असेल. साबणाची तीन खोकी सापडली, तिन्ही रिकामी. चौथं सापडलं ते फाटून चिरडलेलं. आतला म्हातारा त्या ढिगाच्या पोटात कुठेतरी गडप झालेला. पुढच्या गल्लीतले लोक डबे घेऊन खोळंबले, तेव्हा ड्रायव्हरने मुकुलच्या पाठीवर हात ठेवला.

“भिया, सूखे में ही डाला था ना?”

मुकुलने मान हलवली.

“तो फिर डाला तो सही था.”

घरी येईपर्यंत तो वाक्यं जुळवत होता. हिता रडली नाही. ते सोपं गेलं असतं. संध्याकाळी सहाला तिने पडदा वर केला आणि राजाला मधोमध उभं केलं. मुकुल पलंगाआडून कुजबुजला, मला फार भूक लागली आहे. राजा हलला नाही. मुकुल पुन्हा कुजबुजला. मग हिताने वाकून पलंगाआड पाहिलं.

“बाबा, तू तर त्याचा आवाज आहेस. तो कुठे आहे?”

 तिने पडदा खाली सोडला.

रविवारी दोघं लायब्ररीत गेले. मुकुलने सगळी हकीकत सांगितली, अगदी चपलांसकट. इंदुमतीबाई रागावल्या नाहीत, पण ढिल्याही पडल्या नाहीत. पुढच्या रविवारी नाटकघर श्रेया नावाच्या मुलीकडे जायचं होतं. ती दोन महिने थांबली होती. तोवर प्रॉम्प्टर झाला तर ठीक. नाहीतर पिशवी कपाटात जाईल, श्रेयाला मिळणार नाही, आणि तुकडा येईपर्यंत हिताचं कार्डही त्याच पिशवीत राहील.

“मला येत नाही हो काही करायला,” मुकुल म्हणाला. “खोटं नाही सांगत. विचारा कुणालाही.”

इंदुमतीबाई उठल्या. त्यांनी हिताच्या हातातून पिशवी घेतली आणि टेबलावर एकेक पात्र मांडलं. मग राजाला पालथा केला. जरीच्या अंगरख्याखाली त्याचं पोट होतं आंब्याच्या कोयीचं. मूळचा राजा पहिल्याच वर्षी मोडला होता. हा एका ऑटोवाल्याने केलेला, आठ दिवस कोय घासून. राणी एका आजीची. तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं, म्हणून राणीचे दोन्ही डोळे इतके मोठे काढलेले. वाघाचं डोकं सुपारीचं, मिशा केरसुणीच्या. विदूषकाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कारण करणाऱ्याचं लाकूड संपलं, आणि तेव्हापासून तो विदूषक लंगडतो आणि मुलं जास्त हसतात. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सगळ्यांची नावं होती, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांची.

“पडद्याची दोरीसुद्धा दुसरी आहे,” त्या म्हणाल्या. “तुझा हरवलेला प्रॉम्प्टर तिसरा होता. दाताच्या डॉक्टरांनी केला होता, प्लास्टरचा.”

 हे सगळं मुकुलने कुठल्याशा कारागिराचं काम समजून हाताळलं होतं. मग इंदुमतीबाई भिंतीकडे वळल्या आणि खुंटीवरच्या पिशव्या एकेक करून दाखवू लागल्या: बटणांची चाकं लागलेली आगगाडी, साडीच्या काठाची शिडं असलेलं जहाज, नारळाच्या करवंटीची पाठ असलेलं कासव. ज्याच्या हातून हरवलं त्यानेच घडवलेलं. मुकुलचा जन्म जुन्या कागदांत गेला होता. शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या सनदा त्याने हाताळल्या होत्या, राजमुद्रा पाहिल्या होत्या, आणि कधी त्याचं मन हललं नव्हतं. इथे मात्र त्या माडीवर, फॅनच्या वाऱ्याने झुलणाऱ्या पिशव्यांसमोर उभं राहून त्याला एखाद्या गाभाऱ्यात आल्यासारखं झालं. नकळत त्याने चपला काढल्या. हिताने पाहून आपल्याही काढल्या.

पण भारावल्याने हात सुधारत नाहीत. सोमवारी त्याने खडू कोरला, तो दोन तुकडे झाला. मंगळवारी साबणाची वडी घेतली. नीरजाने विचारलं की हा बटाटा कुणाचा. बुधवारी लाकूड आणलं आणि अंगठा कापून घेतला. गुरुवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा पियुष पट्टी बांधलेला अंगठा पाहून म्हणाला, “अरे यार मुकुल भिया, खजराना मंदिराबाहेर एक बाबा बसतात, लाकडाचे भवरे करतात. मोबाईलमध्ये फोटो दाखव, अर्ध्या तासात देतील. कोण बघतंय?”

मुकुल शनिवारी गेला. त्या कारागिराने फोटो पाहिला, पायाने पटाशी धरली, आणि मुकुल चहा पिईपर्यंत म्हातारा तयार. काय तो चश्मा, काय ती वाकलेली पाठ. वहीवर ओळीसुद्धा कोरलेल्या. मुकुलने तो कागदात गुंडाळून घरी आणला. हिताने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली छान आहे. नीरजानेही म्हटलं, सुरेख आहे. एवढंच म्हणून ती भाजी चिरायला गेली, आणि त्या ‘सुरेख’वरच तिचं बोलणं थांबलं नसतं तर मुकुलला रात्री जास्त बरी झोप लागली असती.

रविवारी दहाला निघाले. हिता नेहमीप्रमाणे स्कूटरच्या पुढे उभी, मखमलीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. चौकात सिग्नल लाल होता. आकडे उलटे मोजले जात होते. चाळीस. एकोणचाळीस.

“बाबा, आजी विचारेल, हा कोणी केला. मी काय सांगू?”

मुकुलकडे उत्तर तयार होतं. शुक्रवारपासून तयार होतं. फार छान उत्तर होतं. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की तो ते कुजबुजत्या आवाजात सांगणार आहे, अगदी पलंगाआडून सांगायचा तसंच. आणि ही समोर बघत, मान ताठ करून, मोठ्याने जशास तसं म्हणून टाकणार आहे. त्याने आजवर सांगितलेला एक शब्द तिने बदलला नव्हता.

बावीस. एकवीस.

“थांब जरा,” तो म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला, मागून कुणी ओरडलं, “अरे भिया, हरा हो गया.” मुकुलने स्कूटर डावीला घेतली आणि पुढच्या वळणावरून घराकडे फिरवली.

साडेदहा वाजले होते. लायब्ररी एकला बंद. घरी येऊन त्याने वडिलांच्या टेबलाचा खण उपसला. काय शोधतोय ते त्यालाही माहीत नव्हतं. पेनांची टोपणं, टाचण्या, वाळलेली शाई, आणि तळाशी शरच्चंद्र खांबेट्यांचा ऑफिसातला जुना शिक्का. रबर केव्हाच गळून गेलेलं. उरली होती फक्त लाकडी मूठ. मुकुलने ती उचलली. वर गोल डोकं, खाली बारीक मान, मग रुंद होत गेलेलं बूड. तीस वर्षं एका माणसाच्या तळव्याने घासून गुळगुळीत झालेली. कोरायला काही शिल्लकच नव्हतं. त्याने ती टेबलावर उभी केली, आणि चश्मा नसलेला एक म्हातारा मान किंचित झुकवून बसलेला दिसला.

“हे तर आजोबा आहेत,” हिता म्हणाली. आजोबांना तिने फक्त फोटोत पाहिलं होतं.

नीरजा हात पुसत आली, बघून उभी राहिली. “किती वर्षं विंगेत बसवून ठेवला बिचाऱ्याला,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसलीच.

मग तिघांनी काम वाटून घेतलं. चश्मा मुकुलने बारीक निबेने काढला. नाक हिताने लावलं, लवंगेच्या फुलाचं. फेव्हिकॉल जास्त झाला आणि ते डावीकडे घसरलं. ती ते काढू देईना. वहीसाठी नीरजाने कागदाचे आठ चतकोर कापून मधे दोऱ्याने शिवले. वही झाली पोस्टाच्या तिकिटाएवढी. ती मांडीवर चिकटवायची एवढंच राहिलं होतं, तेव्हा मुकुलने पहिलं पान उघडलं. कोरं. त्याने निब शाईत बुडवली.

“हिता, राजा पहिल्यांदा काय म्हणतो?”

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. डोळा कागदाला टेकवून, श्वास रोखून. सनदांच्या नकला काढणाऱ्या चार पिढ्यांचं अक्षर त्या तिकिटाएवढ्या पानांत उतरत होतं, मोहरीएवढं, पण प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. राजाची भूक आली, राणीचा राग आला, वाघाची जलेबी आली. त्याने एकही हिंदी शब्द सुधारला नाही. एका पानाला चार ओळी. हिता वाकून बघत होती आणि बोलता बोलता हळूहळू तिचा आवाज खाली गेला. शेवटची ओळ तिने बापाच्या कानात सांगितली. नीरजा वर्तमानपत्राने शाईला वारा घालत होती. घड्याळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

एकला दहा कमी असताना दोघं जिना चढले. श्रेया आणि तिचे वडील बाकावर बसून होते, दहापासून. इंदुमतीबाईंनी मुकुलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून नवा प्रॉम्प्टर काढून टेबलावर ठेवला आणि हिताला विचारलं, हा कोणी केला.

मुकुल भिंतीकडे बघत उभा राहिला. कुजबुजायला त्याच्याकडे काही नव्हतं.

“अंग आजोबांच्या शिक्क्याचं आहे,” हिता म्हणाली. “डोळे बाबाने काढले. वही आईने शिवली. नाक मी लावलं, ते वाकडं आहे. आणि एक दुसरा पण आहे, बाबाने विकत आणलेला. तो जास्त चांगला दिसतो. पण तो घरी आहे. तो आता जनता आहे.”

श्रेयाच्या वडिलांनी खोकल्याचं निमित्त केलं. मुकुलचे कान तापले. इंदुमतीबाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. त्यांनी वाकड्या नाकाला बोट लावून ते पक्कं आहे ना ते पाहिलं, मग मांडीवरच्या वहीला नख लावलं, आणि ती उघडली.

त्या थांबल्या. खणातून भिंग काढलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. खोलीत चार-पाच मुलं होती, तीही गप्प झाली. पडद्याची दोरी ओढल्यावर होते तशी ती शांतता. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“तीन प्रॉम्प्टर पाहिले मी,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “तिघांच्याही वह्या कोऱ्या होत्या. त्यात काही लिहिलेलं असायला हवं, हे माझ्या कधी मनातच आलं नाही.”

त्यांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी पालथी करून मुकुलपुढे सरकवली आणि आपला पेन दिला. ऑटोवाल्याच्या नावाखाली, एका डोळ्याच्या आजीच्या नावाखाली, दाताच्या डॉक्टरांच्या नावाखाली मुकुलने लिहिलं: प्रॉम्प्टर, चौथा. शरच्चंद्र, नीरजा, मुकुल, संहिता. आयुष्यात त्याने हजारो कागदांवर लिहिलं होतं, ते सगळं कुणा दुसऱ्याचं होतं. या ओळीवर शाई वाळेपर्यंत त्याला हात उचलवेना.

पिशवी श्रेयाच्या हातात गेली. हिताने ती जाताना पाहिली. दोन पुस्तकं निवडली, एक करवंटीचं कासव घेतलं. दोघं जिन्याच्या निम्म्यावर आले असतील. वर बाकावर श्रेयाला धीर निघाला नव्हता. तिने तिथेच नाटकघर मांडलं असावं. एका अनोळखी पुरुषाचा आवाज आला, खालचा, अडखळणारा, वही डोळ्यांशी धरून वाचणाऱ्याचा. “मला... फार भूक लागली आहे.” आणि पाठोपाठ एका लहान मुलीने तेच गर्जून म्हटलं.

मुकुल पायरीवर थबकला. हितानेही त्याचा हात धरून ठेवला. वरचा आवाज पान उलटायला थांबला.

“नाही,” तो कुजबुजला. “जलेबी है क्या?”

वर हशा उठला. हिताने मान वर करून बापाकडे पाहिलं. तिचे डोळे इतके मोठे झाले होते की एका डोळ्याने पाहणाऱ्या आजीने काढले असावेत.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या काकांना पण येतं.”